पाव नाणं

दिवसभर मी दुसऱ्यांची कार्डं ओढते.
सामसूनच्या चढावरचं सुपरमार्केट, तिसरा गल्ला.
मशीन टुंक करतं, कागदाची जीभ बाहेर काढतं
आणि मी म्हणते, "पुन्हा या."

माझी स्वतःची चार होती.
पहिल्याची टोपी दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला,
चौथं तर टोप्यांच्या खर्चासाठीच काढलेलं.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल.
पण अंथरूणच होतं बारा हप्त्यांवर,
स्प्रिंगचं, दोन उशा मोफत.
त्यावर पडून रात्री मी घोळवायचे
"किमान देय रक्कम".
किमान! केवढा नम्र शब्द.
पाहुण्यासारखा आला,
"नको नको, थोडंच वाढा" म्हणत
अख्खं घर जेवून गेला.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमचा सोन्याचा दिवस.
दहा बायका, चहा, आणि भिशी:
जिचं घर तिच्या ओंजळीत
बाकी नऊजणींचं एकेक पाव नाणं, लाल फितीत.
माझं नाणं सराफाकडून, कार्डावर.
दुसऱ्यांच्या ओंजळी मी उधारीनं भरत होते.
माझी पाळी आली तेव्हा
नऊ नाणी दुपारी मोजली, संध्याकाळी मोडली,
तरी दोन नंबरचं कार्ड हललं नाही.

नोव्हेंबरात शेंगुलच्या घरी.
खिडकीबाहेर काळा समुद्र, नावाला जागून काळा.
माझ्या पर्समध्ये फीत होती, नाणं नव्हतं.
सकाळी सराफाचं मशीन टुंक म्हणालंच नाही.
ती शांतता मी रोज ऐकते,
त्या वेळी गिऱ्हाइकाचं तोंड कसं होतं ते पाठ आहे मला.
तेच तोंड घेऊन मी सोफ्यावर बसले होते.

"मी आणलं नाही," म्हणाले.
"पुढच्या महिन्यातही आणणार नाही."

चमचे पेल्यांत थांबले.
पेरिहाननं कापलेला केक पुन्हा कापला.
मग हाजेर हानिम, सत्तरीच्या, बशीकडे बघत:
"मी मार्चपासून सुनेच्या कार्डावर आणतेय.
तिला माहीत नाही."
कुणीतरी हसलं.
कुणीतरी रडलंही असतं, पण ओव्हनची घंटी वाजली.

पेरिहान त्यानंतर आली नाही.
रस्त्यात भेटली की आभाळ बघते.

वही विकत घेतली नाही मी.
गल्ल्यावर टाकून दिलेल्या पावत्यांच्या पाठीवर
रोजचा खर्च मांडायला लागले, पेन्सिलीनं.
या पावत्यांची शाई दोन-तीन महिन्यांत उडते.
पुढे लोकांची खरेदी पुसट होत गेली,
मागे माझं लिहिलेलं राहिलं:
पाव एक. वांगी, गुरुवारच्या बाजारातली,
दिवेलागणीला, विक्रेत्याचा आवाज बसल्यावर घेतलेली.
मिनीबस नाही, चढ पायी. चहा थर्मासमधला.
कोटाची चेन बदलली, कोट तोच.
एका मंगळवारी नुसतंच "हिरवे बूट", पुढे किंमत नाही,
कारण घेतले नाहीत,
पण काचेपुढे किती वेळ उभी होते
तोही खर्चच.

त्या हिवाळ्यात जेव्देतनं अवजारांच्या पेटीतून
ड्रिलच्या खालून एक पाचवं कार्ड काढलं
आणि न बोलता टेबलावर ठेवलं.
मी ओरडले नाही असं नाही.
मग कोंबडी कापायच्या कात्रीनं
त्यानंच त्याचे तुकडे केले. ड्रिल विकलं.

एकतीस महिने.
शेवटचा भरणा झाला आणि तिसऱ्या दिवशी
बँकेतल्या मुलीचा फोन, आवाजात साखर:
"नेझाहत हानिम, तुमची मर्यादा वाढवून देऊ?"
म्हटलं, "पोरी, आत्ता कुठे सापडलीय ती मला.
जागची हलवू नकोस."

फोन ठेवला. पुढचं गिऱ्हाईक:
विशीतली मुलगी, कॉफीचं यंत्र, सहा हप्ते.
टुंक.
काहीतरी सांगावं असं ओठांपर्यंत आलं.
पावती फाडून दिली.
"पुन्हा या" मात्र म्हणाले नाही.